खाजणातल्या भुताचं प्रमाणपत्र

ठाकुर्ली स्टेशनाच्या पूर्वेला पंढरीची चहाची टपरी आहे आणि दर शुक्रवारी सकाळी तिथे सिनेमांचं भवितव्य ठरतं. निर्मात्यांना याचा पत्ता नसतो, म्हणून ते बिचारे मुंबईत बसून नवस बोलतात. टपरीवर तोंडं पुष्कळ, पण चालणारी तीन. मयूर आणि दिपेश हे चुलतभाऊ ‘पडदा पूर्व-पश्चिम’ नावाचं पान मोबाईलवर चालवायचे आणि कल्याणपासून ठाण्यापर्यंतची कॉलेजातली पोरं ते वाचून तिकीट काढायची. तिसरं तोंड महेंद्रकाकांचं.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, बिनलग्नाचे, आणि एका दुर्मिळ गुणाचे धनी. ते चालेल म्हणाले की सिनेमा सोमवारपर्यंत आडवा व्हायचा. पडेल म्हणाले की खिडकीवर पोलीस बोलवावे लागायचे. एका निर्मात्याने म्हणे त्यांना आंब्याची पेटी घरपोच धाडलेली, आमच्या सिनेमाबद्दल कृपा करून चांगलं बोलू नका म्हणून. ही हकिगत काकांनीच सांगितलेली, तेव्हा ते आंबे कितपत गोड होते हे ज्याचं त्याने ठरवावं. ते आंबिवलीला नोकरीला असताना कल्याणच्या एका थिएटरात पडद्यावरची नायिका रडायची थांबली होती, कारण काका लघवीला गेलेले. परत आल्यावर तिने पुढचं रडणं सुरू केलं. पोरं हसायची, चहा पाजायची आणि साडेदहाला कामाला पळायची.

मग काका तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत जायचे, आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत त्यांच्याशी बोलणारा म्हणजे कुकर. त्याने शिट्टी दिली की काका आतून ‘हो, हो’ म्हणायचे. बातम्या देणारी बाई नमस्कार म्हणाली की हे उलट नमस्कार करायचे. एकदा तर तिने त्यांना बसा म्हटलं. निदान त्यांना तसं वाटलं, आणि ते बसले.

त्या शुक्रवारी टपरीवर वाद होता सिनेमांना मिळणाऱ्या वयाच्या दाखल्यांचा. पूर्वी ‘यूए’ म्हटलं की काम भागायचं. आता सरकारने त्याच्या तीन वाटण्या केल्या, सात वर्षं, तेरा वर्षं आणि सोळा वर्षं. दिपेशचं म्हणणं, भावाभावांत जमिनीच्या होतात तशाच या, तिन्ही तुकड्यांत पीक येत नाही. मयूरला राग याचा, की ‘खाजणातलं भूत’ नावाच्या नव्या सिनेमाला सात प्लस मिळालंय. खाजणातल्या मिठागरात राहणारं, उचकी लागलेलं एक भूत. त्याला कोण घाबरणार, आणि त्याला बघायला कोण येणार? काकांनी मात्र छातीवर हात ठेवून सांगितलं की हा सिनेमा महिनाभर हलणार नाही. मयूरने तिथल्या तिथे पानावर लिहून टाकलं, ‘काका चालेल म्हणाले. श्रद्धांजली.’

आणि सिनेमा पडला. सोमवारी मोजके खेळ उरले, त्यातला एक मानपाड्यापुढच्या मॉलमध्ये, सकाळचा. काका मंगळवारी तिथे गेले. पडलेल्या सिनेमाला जाण्याची त्यांना सवयच होती, आजाऱ्याला भेटायला जावं तशी. एकही तिकीट गेलं नाही तर खेळ रद्द होतो, आणि एक जरी गेलं तरी बिचाऱ्यांना दिवे मालवावे लागतात. आपल्या एका तिकिटावर अख्खा सिनेमा उभा आहे, या विचाराने काकांना दोन तास कोणीतरी असल्यासारखं वाटायचं.

पण त्या दिवशी आत आणखी दोघं होती. एक धिप्पाड म्हातारे आणि त्यांच्या शेजारी शाळेच्या गणवेशातली नात. पडद्यावर नट फावड्याने मीठ ओढायला लागला आणि म्हातारे मोठ्याने बोलले, “असा मीठ वढतान का रं? ह्यो त पापड लाटतंय.”

काकांना हसू आवरेना. म्हाताऱ्यांनी वळून पाहिलं आणि त्यांना हाताने बोलावून घेतलं. सगळ्या रिकाम्या खुर्च्या ओलांडून काका त्यांच्या रांगेत जाऊन बसले.

ते कुंडलिकशेठ. मानपाड्याचे जुने. बापाचा जन्म मिठागरात गेला, यांनी भात लावला, आणि आता त्याच भाताच्या जागी बापाच्या नावाची ‘देवराम हाइट्स’ उभी होती. तिच्या अकराव्या मजल्यावर त्यांना स्वतंत्र खोली, खोलीत मोठा टीव्ही, आणि बोलायला कोणी नाही. नात मृणाल दुसरीत, दुपारच्या शाळेची. तिच्या दप्तरात पुस्तकांखाली तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी लपवून आणलेली. फाटकावरच्या तपासणीवाल्याने पुस्तकं बघून दप्तर आत सोडलं होतं.

कुंडलिकशेठ सिनेमापेक्षा मोठ्याने बोलत. त्यांच्या बापाचं मीठ इतकं पांढरं, की पौर्णिमेच्या रात्री एक विमान धावपट्टी समजून मिठागरात उतरलं, आणि बापाने वैमानिकाला आधी पाय धुवायला लावले. काकांनी ऐकून घेतलं आणि घसा खाकरला. खात्यात असताना त्यांनी स्मशानात फोन जोडलेला, आणि रिंग गेली की पलीकडून रोज कोणीतरी उचलायचं. बिल मात्र कधी थकलं नाही. मृणालने दोन्ही बाजू ऐकल्या, विचार केला आणि भाकरीचा मोठा तुकडा काकांना दिला. कुंडलिकशेठ पाच मिनिटं रुसले. आयुष्यभर काकांच्या थापांना लोकांनी चहा पाजला होता. थापेला थाप कोणी दिली नव्हती.

पुढच्या मंगळवारी तसंच. काका तिकीट काढताना मोबाईलवर दोन खुर्च्या आधीच विकल्या जाऊन राखाडी झालेल्या बघायचे आणि तिसरी आपली करायचे. नंबर एकमेकांना कोणी दिला नाही. काकांच्या मनात आलेलं, पण सिनेमाबाहेर भेटायला कारण लागतं, आणि कारण विचारलं तर काय सांगणार? शुक्रवारी टपरीवर ते या दोघांबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. काहीही न वाढवता सांगण्यासारखं हे पहिलंच होतं, आणि तसं सांगायची त्यांना सवय नव्हती.

मग ते भूत चालायला लागलं. त्याची उचकी कुणा पोरीने मोबाईलवर टाकली, ती शाळाशाळांत गेली, वर्गात बाई प्रश्न विचारायच्या आणि पोरं उचकी देऊन उत्तर टाळायची. तिसऱ्या आठवड्यात गल्ला पहिल्या आठवड्याच्या वर गेला. टपरीवर पेढे आले. काकांचं भाकीत खरं ठरल्याची नोंद ‘पडदा पूर्व-पश्चिम’ने मोठ्या अक्षरांत केली. काकांनी पेढा हातात धरून ठेवला आणि पोरांची पाठ फिरल्यावर कुत्र्याला घातला.

त्या मंगळवारी हॉल निम्म्याहून जास्त भरला होता. कुंडलिकशेठनी तोंड उघडलं तसा मागून एकाने ‘शूऽऽ’ केलं. ते गप्प झाले. मृणालने दप्तराची चेन ओढली, तर पुढच्या रांगेतली बाई नाक मुरडून वास घेऊ लागली. चेन पुन्हा लागली. तिघं दोन तास नीट, सभ्य माणसांसारखी बसून राहिली. बाहेर पडताना कुंडलिकशेठ काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बोलाया मिलत नाय, भाऊस. अशीच गर्दी रायली त कशाला यायचा?”

आता काकांना एकच गोष्ट हवी होती, तो हॉल रिकामा व्हायला हवा होता. सिनेमा पाडायचा कसा? नुसतं पडेल म्हणावं, तर त्यांचा जुना गुण आड येणार. तीन दिवस त्यांनी कुकरशी चर्चा केली.

शुक्रवारी त्यांनी चहाचा घोट घेतला आणि सहज बोलल्यासारखं सांगितलं की ‘खाजणातलं भूत’चा दाखला बदलतोय. कापलेली दृश्यं निर्मात्याने परत घातली आहेत, आणि नव्या प्रतीला सरळ ‘ए’. अठरा वर्षांखालचं कोणी आत नाही. सेन्सॉरच्या कचेरीतला एक जण आपल्या ओळखीचा, त्याच्या टेबलावर कागद येऊन पडलाय.

दिपेशने विचारलं, भूत असं करतं तरी काय?

“ते सांगण्यासारखं असतं तर सात प्लसच राहिलं नसतं का, बाळा?”

एरवी पोरं हसली असती. पण गेल्याच आठवड्यात काका खरे ठरले होते. मयूरचा अंगठा मोबाईलवर चालायला लागला, आणि दुपारपर्यंत बातमी ठाण्याला पोचली. काका समाधानाने घरी गेले. पोराबाळांची कुटुंबं गळणार, मंगळवारी तीन खुर्च्या उरणार. जेवताना त्यांनी स्मशानातल्या फोनला एक दुसरी भानगडही जोडून ठेवली.

मंगळवारी ते मॉलवर पोचले तेव्हा फाटकापासून सरकत्या जिन्यापर्यंत कॉलेजातल्या पोरांची रांग होती. डोंबिवलीतल्या कॉलेजांचे तास त्या दिवशी रिकाम्या बाकांनीच भरवले असतील. काका धक्के खात आत गेले. मोबाईलवर सगळा हॉल राखाडी होता, त्यात दोघं कुठे हे कळायची सोय नव्हती. त्यांनी रांगेगणिक पाहिलं. मग दिवे मालवले. भूत आलं की पोरं शिट्ट्या मारत, भूत उचकी देई आणि शिट्ट्या विरत. शेवटपर्यंत काही घडलं नाही, कारण घडायला काही नव्हतंच. पण आपण फसलो हे कोण कबूल करतो? बाहेर पडणारा प्रत्येक जण रांगेतल्यांना डोळा मारून म्हणत होता, “क्या सीन है यार, मध्यंतरानंतर बघ.” दुपारचे दोन खेळही भरले. एका थापेवर इतकी तिकिटं खपल्याचं कल्याण तालुक्यात ऐकिवात नाही.

काका फाटकावरच्या तपासणीवाल्यापाशी आले आणि त्यांनी विचारलं, धिप्पाड आजोबा आणि शाळेच्या गणवेशातली मुलगी आलेली का?

आलेली, तो म्हणाला. त्यानेच त्यांना खालून परत पाठवलं. वर जाऊन तिकीटवाल्याने चारचौघांत अडवायचं, त्यापेक्षा बरं ना? त्याने मोबाईल काढून काकांना ‘पडदा पूर्व-पश्चिम’ दाखवला. “पोरगी रडाय लागलेली. पण आजोबा बोलले, छापून आलंय म्हंजे खरंच असणार.”

काका तिथेच उभे राहिले. अठरा वर्षांखालचं कोणी नाही, हे वाक्य त्यांनी स्वतः रचलेलं. रचताना त्यांच्या डोळ्यांपुढे मागे बसून शूऽऽ करणारा माणूस होता, नाक मुरडणारी बाई होती. दप्तराची चेन ओढणारा हात काही आला नाही.

शुक्रवारी त्यांनी टपरीवर खरं सांगितलं. दाखला सात प्लसच आहे, सेन्सॉरच्या कचेरीत आपल्या ओळखीचा कोणी नाही, ही सगळी थाप, पानावर तसं लिहा. एवढं मोठं हसू त्या टपरीवर पूर्वी उठलं नव्हतं. मयूरने त्यांच्या गळ्यात हात टाकला.

“काका, लोक बघून आलेत. सीन आहे. आता त्याच्यातही तुम्ही तुमचं नाव घुसवणार?”

मयूरला काका वारंवार सांगत राहिले, आवाज चढवून, शपथा घेऊन. ते जितकं खरं बोलत तितकी पोरं खुश होत. शेवटी दिपेशने सगळ्यांसाठी दुसरा चहा मागवला.

रविवारी काका रिक्षाने मानपाड्याला गेले. देवराम हाइट्स सापडायला वेळ लागला नाही. काचेच्या केबिनमधल्या रखवालदाराने विचारलं, कुणाकडे? अकरावा मजला, कुंडलिकशेठ. कोण आलंय म्हणून सांगू? काका गोंधळले. नातेवाईक नाही, गावचे नाही, खात्यातले नाही. “सिनेमातले म्हणून सांगा,” ते म्हणाले.

रखवालदाराने इंटरकॉमवर तसं सांगितलं. वरून बाईचा आवाज आला की शूटिंगला गच्ची द्यायची नाही, गेल्या वेळी मालिकावाल्यांनी टाकी फोडली. काकांनी फोन मागून घेतला. आपण शूटिंगवाले नाही, त्यांनी सांगितलं, कुंडलिकशेठ मंगळवारी सकाळी…

“बाबांचं काम आहे का? मी सून बोलते. बाबा झोपलेत,” ती म्हणाली, आता जरा मऊ आवाजात. “आणि सिनेमाचं म्हणाल तर बाबा कधी बघत नाहीत हो. मंगळवारी मृणालला ड्रॉइंगच्या क्लासला न्यायचे, तेवढाच त्यांचा विरंगुळा. तोही आता बंद झाला. टीचर गाव सोडून गेल्या म्हणाले.”

ड्रॉइंगचा क्लास. तो बंद करायला कुंडलिकशेठनी टीचरला गावही सोडायला लावलं. चांगली जमलेली थाप होती, कुठे जोड दिसत नव्हता. इथे एक खरं वाक्य बोललं असतं तर दार उघडलं असतं: ते क्लासला नाही, माझ्याबरोबर सिनेमाला होते, आणि पोर सात वर्षांची असली तरी आत सोडतात. मग संध्याकाळी त्या घरात, दप्तरातल्या भाकरीपासून सगळं निघालं असतं, आणि अकराव्या मजल्यावरच्या त्या खोलीचा दरवाजा सुनेने आणखी सावधपणे राखला असता.

“हॅलो?”

“माफ करा,” काका म्हणाले. “आमचे कुंडलिकशेठ म्हणजे दुसरे. ते बारीक आहेत, चष्मा लावतात.”

सून म्हणाली, होतं असं, या नावाचे मानपाड्यात खूप आहेत. तिने फोन ठेवायच्या आत मागून पळत आलेल्या पावलांचा आवाज झाला आणि मृणालने विचारलं, “मम्मी, खाली कोण आलंय?”

“कोणी नाही गं. चुकून आलेत.”

काकांनी फोन रखवालदाराच्या हातात दिला. त्याने विचारलं, निरोप ठेवायचाय का? काका नको म्हणाले, आणि रस्ता ओलांडायला गाड्या थांबायची वाट बघत कडेला उभे राहिले.