लाल रेघेवरचं पाणी

शाळेच्या नाटकात वकिलाचं काम मिळाल्यापासून भिंगरीला सगळ्या जगाची उलटतपासणी घ्यावीशी वाटत होती. गेल्या वर्षी हीच मुलगी हजेरीला 'उपस्थित' म्हणतानाही पुटपुटायची. आता दूध सांडलं तर मांजरीलासुद्धा "त्या वेळी तू कुठे होतीस?" असं विचारून मोकळी व्हायची. त्यामुळे तिच्याच घरावर संशय आला तेव्हा तिला राग तर आलाच, पण मनातल्या मनात थोडं बरंही वाटलं. खरा खटला चालून आला होता.

घर डोंगराच्या अगदी पायथ्याशी. अंगणात कुंपण घालून हवामान खात्याचं पर्जन्यमापक ठेवलेलं, म्हणजे पाऊस साठवणारं साधं नळकांडं. भिंगरीची आई तिथली निरीक्षक. दिवस मावळला की साठलेलं पाणी ती काचेच्या मापात ओतायची आणि खात्याला फोन करायची. मापावर एक लाल रेघ होती. पाणी तिच्यावर गेलं की दुसऱ्या दिवशी शाळा बंद, कारण शाळेचा रस्ता डोंगराच्या कडेकडेने जायचा आणि दरडीचा काही नेम नसायचा.

या पावसाळ्यात ती रेघ सारखी बुडायला लागली. आणि बंदरावरच्या मापकात मात्र त्याच दिवशी जेमतेम तळ ओला. बंदर तरी किती लांब? सायकलवर घाम यायच्या आत पोचता येईल एवढंच. खात्याला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. म्हणून एका सकाळी तपासनीस आले.

"बाई, बंदरावर चमचाभर आणि तुमच्याकडे बादलीभर," ते म्हणाले. "आभाळ काय तुमच्या माहेरचं आहे?"

"जे पडतं ते मोजते, साहेब," आई म्हणाली.

"पडतं की कोणी पाडतं?" त्यांची नजर कोपऱ्यातल्या दप्तरावर गेली. "घरात शाळेत जाणारं कोणी आहे वाटतं."

जाताना त्यांनी बजावलं, गुरुवारी परत येईन. आकड्यांचा उलगडा झाला नाही तर हे केंद्र बंद. केंद्र गेलं की आईची नोकरी जाणार आणि नोकरीबरोबर मिळालेलं हे घरही.

गेट लागलं तशी आई हळूच म्हणाली, "खरं सांग हं. एखादा तांब्या वगैरे…"

"आई, शुक्रवारी माझं नाटक आहे. मला शाळा हवीय, सुट्टी काय करू?"

"आणि गेल्या वर्षी सोमवार आला की पोट कोणाचं दुखायचं?"

वकीलबाईंनी दप्तर उचललं आणि शाळेची वाट धरली. बाहेरच्या माणसाने चोर म्हटलं तर भांडता येतं. आईने नुसतं विचारलं तर कोणाशी भांडायचं?

मग तिने पायरीवर ठाण मांडलं. शाळा सुटली की थेट पायरी, आणि घारीसारखी नजर नळकांड्यावर. पहिल्याच संध्याकाळी केंद्राची बाग सांभाळणारे माळीकाका कुंपणाजवळ घुटमळताना दिसले. हातात भरलेली झारी.

"काका, पावसाळ्यात झारी?"

"ओसरीतल्या कुंड्यांना पाऊस लागतो का गं?"

"कुंड्या तिकडे आहेत. तुम्ही इकडे आहात."

काकांनी झारी खाली ठेवली. "ऐक तर मग. मी तुझ्यावर लक्ष ठेवतोय. सुट्टीचा फायदा तुलाच. आणि राग मानू नको, पण तुझ्या आईवरपण ठेवतोय. पाऊस जास्त तर निरीक्षकाचा मान जास्त."

"माझी आई असलं काही करणार नाही," भिंगरी फणकारली. पण संशयाचं पाणी एकदा झिरपलं की थांबत नाही. थोड्या वेळाने आई कुंपणाकडे निघाली, तेव्हा भिंगरीने तिच्या दोन्ही हातांकडे निरखून पाहिलं. हात रिकामे होते. तिला स्वतःचीच लाज वाटली.

पायरीवरून नळकांड्यामागची कपड्यांची दोरी दिसायची. ती शाळेतून आल्यापासून कपडे डोंगराकडे झेपावत होते, जणू पळून जायला निघालेत. दिवस कलता कलता ते एकदम गळाले. वारा पडला. मग मानेवर गार झुळूक आली, डोंगरावरून खाली उतरणारी, आणि चादर उलटी, समुद्राकडे फडकायला लागली. दोन्ही बाह्या बंदराकडे पसरून शर्ट उभा राहिला. पाठोपाठ पाऊस असा कोसळला की काका झारी टाकून पळाले.

दुसऱ्या दिवशीही हेच. आधी कपडे फिरले, मग पाऊस आला. तिसऱ्या दिवशी तर चादर फिरताच भिंगरीने कपडे काढले आणि एकही भिजू दिला नाही.

गुरुवारी तपासनीस पुन्हा सकाळीच आले. आदल्या संध्याकाळी रेघ बुडालेली, म्हणून शाळा बंद आणि भिंगरी घरीच. ऊन पडलेलं. नळकांडं हलवून, ठोकून, उलटं करून पाहिलं. "कोरडं," ते म्हणाले आणि छत्री उचलली.

"साहेब, तुम्ही नेहमी सकाळीच येता?" भिंगरीने विचारलं.

"कचेरीची वेळ तीच असते, बाळ."

"मग आमचा पाऊस तुम्हाला भेटणार कसा? तो संध्याकाळी येतो. दोरीवरचे कपडे उलटे फिरेपर्यंत बसा. हवं तर नळकांड्याला टेकून बसा."

ती कपड्यांबद्दल भराभर सांगत गेली. तपासनिसांच्या कपाळावरची आठी हळूहळू बदलली. "दिवसा डोंगर तापतो, वारा वर चढतो," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "सांजेला उतार थंड होतात, गार हवा खाली घसरते. समुद्राचा ओला वारा समोरून येतच असतो. दोघांची टक्कर होऊन ढग उसळायचा तो… इथे? या अंगणावर?" त्यांनी दोरीकडे पाहिलं. "पुस्तकात वाचलंय. बघू."

ते खुर्ची घेऊन बसले, पण विश्वासाने नाही. त्यांनी आईला उजवीकडे बसवलं, काकांना डावीकडे आणि भिंगरीला अगदी समोर. झारी स्वतःच्या खुर्चीखाली. चहासुद्धा आधी त्यांनी हुंगून घेतला. दुपार सरकत नव्हती. चौघेही एकमेकांचे हात बघत बसले होते.

चादर गळाली. फिरली. तपासनीस ताडकन उठले, आणि पाऊस तोंडावर घेतच खाली बसले. पाठीमागे डोंगर दिसेनासा झाला. बंदराकडच्या आभाळात मात्र उजेडाची पट्टी तशीच.

सर थांबल्यावर त्यांनी स्वतःच पाणी मापात ओतलं. लाल रेघ बुडाली.

"आकडे खरे आहेत, बाई," चष्मा पुसत ते म्हणाले. "केंद्र राहील. आता बंदर आणि डोंगर यांच्या मध्ये अजून एक मापक लावायला सांगतो."

आईने डोळ्याला पदर लावला. मग फोनकडे वळली, आणि थांबली. काकाही थांबले. सगळ्यांना एकदमच आठवलं. रेघेच्या वर पाणी, म्हणजे उद्या शाळा बंद. म्हणजे नाटक बंद.

माप ओट्यावर भिंगरीच्या अगदी हाताशी होतं. जरासं कलंडलं असतं तर रेघ कोरडी झाली असती.

आईने तिच्याकडे पाहिलं. नजर तिच्या हातांवर गेली, तशीच, निरखून.

भिंगरीने दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले. "फोन कर," ती म्हणाली. "मी बघतेय तुझ्याकडे."