मिनिटाला वीस थेंब

मित्रांनो, मला पाच चाके आहेत, पण कोणी ढकलल्याशिवाय मी हलत नाही. मी स्त्रियांच्या वॉर्डातला जुना सलाईनचा स्टँड. कारखान्यात एका पोलादी नळीत दुसरी सरकवली, मधे स्क्रू बसवला, वर दोन आकडे वळवले, की झाला माझा जन्म. नवा होतो तेव्हा मावशी मला रोज पुसायच्या. आता एक चाक अडते, म्हणून त्याच मला ‘लंगडोबा’ म्हणतात.

माझ्यावरची बाटली जितकी उंच, तितके थेंब भरभर पडतात. ही गोष्ट एका दुपारी सात नंबरच्या आजींच्या मुलाने आपली आपणच शोधून काढली. आजींच्या सलाईनमध्ये पोटॅशियम होते. ते सावकाश गेले तर हृदय नीट चालते, घाईने गेले तर बंदही पडू शकते. मुलाला हे ठाऊक नव्हते. बाटली संपली की आईला घरी सोडतील, एवढेच त्याने ऐकले होते. त्याने माझा स्क्रू सैल केला आणि माझी आतली नळी हातभर वर ओढली.

थोड्या वेळाने आजी हाताची आग होते म्हणू लागल्या. सुईमुळे असेल, अशी त्याने समजूत घातली.

तेवढ्यात सिस्टर आल्या. बाटलीवरच्या पट्टीवर त्यांनी तासातासाच्या खुणा केल्या होत्या. दोन वाजले होते आणि पाणी तीनच्या खुणेखाली गेले होते. त्यांनी आधी थेंब बंद केले, डॉक्टरांना बोलावणे धाडले आणि मग विचारले, “स्टँडला कोणी हात लावला?”

“मीच. म्हटलं, लवकर उरकेल.”

“सगळंच उरकलं असतं, दादा.”

डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढायला घेतला. कागद बाहेर येईपर्यंत मुलगा मला धरून उभा होता.

ठोके नीट होते. डॉक्टरांनी सांगितल्यावर सिस्टरांनी मला खाली केले, दुसऱ्या हाताला सलाईन जोडले आणि आपले घड्याळ मुलापुढे धरले. त्याने ओठ हलवत मिनिटभर थेंब मोजले. वीस भरले. सिस्टरांनी मान डोलावली, आणि स्वतः पुन्हा मिनिटभर मोजूनच पुढच्या खाटेकडे वळल्या.

मित्रांनो, माझ्या चाकाला कोणी तेल घातले तर बरेच होईल. पण त्याआधी एक मागणे आहे. कोणाला भेटायला आलात तर माझ्या स्क्रूला हात लावू नका. आणि आजारी माणूस हाताची आग होते म्हणाला, तर लगेच सिस्टरांना हाक मारा. मला हाक मारता येत नाही, तुम्हाला येते.