शेवटच्या वेढ्याचा मान

लोहाराचा उजवा हात त्यांनी ऐरणीवर दाबून धरला आणि त्याच्याच घणाने ठेचला. पहिल्या घावात बोटं गेली, दुसऱ्यात मनगट. तिसऱ्याआधी सरदाराने वाकून विचारलं, "वेशीची किल्ली कुठंय?"

धाकट्याने हे पडद्यावर वाचलं, तेव्हा लिहिणारी त्याच्या समोरच बसली होती. दोघा भावंडांचं टेबल एकच, संगणक पाठीला पाठ लावून ठेवलेले. ताईची बोटं थांबली की इकडे मजकूर उमटायचा. लोहार हे धाकट्याचं पात्र होतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून तो रोज लोहार होऊन लिहीत आला होता.

त्या ऑनलाइन खेळात प्रत्येक खेळाडू एकेक पात्र लिहायचा. बाकी सगळं, म्हणजे हवा, शत्रू, दैव, सूत्रधार लिहायचे. सूत्रधारांना पगार नाही. मान एकच: खेळातल्या गावाला वर्षाअखेर पडणारा वेढा कोणी चालवायचा. पूर्वी त्यासाठी मतं घेत, आणि ज्याचे मित्र जास्त तो जिंकायचा. धाकटा संख्याशास्त्र शिकलेला, म्हणून न्याय्य नियम शोधायचं काम त्याच्या गळ्यात पडलं. त्याने विचार केला, मत मैत्रीखातर देता येतं, कौतुकाला काही खर्च नसतो. पण स्वतःचा वेळ कोणी फुकट घालवत नाही. तेव्हा प्रसंग संपल्यावर खेळाडू जितके शब्द लिहितील, तितके त्या सूत्रधाराचे गुण. सगळ्यांना पटलं.

सगळ्यात आधी पटलं ते खाटकाला. हे नाव त्याला नंतर पडलं. एरवी हा सूत्रधार बालवाडीत शिकवायचा. लग्नाच्या प्रसंगावर लोक चार ओळी लिहितात आणि नवरीचा गळा चिरला की पानंच्या पानं, हे त्याने हेरलं. मग त्याने नवऱ्या मारल्या, जुळी पोरं विहिरीत बुडवली, आंधळ्या वैद्याला जिवंत सोलला. गुण चढत गेले. वेढा मिळाला की अख्खं गाव जाळणार, असं त्याने जाहीरही केलं.

ते गाव ताईचं होतं; तीही सूत्रधारच. विहीर, पूल, भट्टी, सगळं तिने वर्षानुवर्षं एकेक प्रसंग लिहून उभं केलं होतं. तिला वेढा हवा होता तो गाव वाचवायला.

"नियम बदल," ती म्हणाली होती.

"चालू डावात? हरायला लागलीस म्हणून पट उधळायचा?"

"मग रडू नकोस हं नंतर, शहाण्या."

आता तिसरा घाव लोहाराच्या कपाळावर बसला.

धाकटा लिहीत सुटला. सगळ्यांसमोर, ताईला उद्देशून. दगलबाज, कसायाची अवलाद, गुणांची भिकारीण, तोंडाला येईल ते. श्वास घ्यायला थांबला, तेव्हा पलीकडून शांत आवाज आला.

"अजून लिही."

"काय?"

"शिव्याही मोजतो ना तुझा नियम? खाटकाच्या मागे आहे मी अजून. थोडंच राहिलंय."

हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. रडणं, हसणं, शाप, सगळं एकाच मापाने मोजलं जात होतं. शेजारचा कप उचलून त्याने फेकला. पडद्यावर फेकला की तिच्यावर, हे त्यालाही सांगता आलं नसतं. कप भुवईवर फुटला. रक्त डोळ्यात उतरलं, हनुवटीवरून कीबोर्डवर ठिबकलं. ताई उठली आणि तिने त्याच्या कानाखाली अशी ओढली की तो खुर्चीसकट आडवा झाला.

आई झारा घेऊनच धावत आली. "एवढे घोडे झालात तरी! काय झालं? कोण मेलं?"

"लोहार," धाकटा जमिनीवरून म्हणाला.

"कुठला लोहार? आपल्याकडे कधी आला होता?"

"आई, टॉवेल दे," ताई म्हणाली. टॉवेल कपाळाला दाबून ती पुन्हा पडद्याकडे बघत बसली. आकडा तिथेच होता. संध्याकाळी मुदत संपणार होती. 

धाकट्याने खुर्ची उभी केली. कान वाजत होता. त्याने लोहाराचं मरण लिहिलं: ठेचलेल्या हाताची आग, तोंडातलं रक्त, आणि शेवटपर्यंत न सांगितलेली किल्ली. लिहिता लिहिता तो हुंदके देत होता, आणि पलीकडे आकडा वर सरकत होता.

ताई जिंकली.

वेढ्याच्या दिवशी तिच्या भुवईवर टाके होते. झाडून सगळे खेळाडू हजर. तिने ठरवलं होतं तसंच लिहिलं: शत्रू वेशीपर्यंत आला, किल्ली मिळाली नाही, दार फुटलं नाही, फौज माघारी फिरली. गाव वाचलं.

कोणीच काही लिहिलं नाही. मग कोणीतरी विचारलं, "एवढंच?" दुसऱ्यानेही तेच विचारलं. तिसऱ्याने लिहिलं, "खाटीक असता तर मजा आली असती." लोक खेळातून बाहेर पडायला लागले.

ताईने पडद्याच्या कडेवरून मान वर काढली. भाजी कुठली चिरू, असं विचारावं तसं तिने विचारलं, "कोणाला मारू?"

धाकट्याने टाक्यांकडे पाहिलं. 

"पुलावरच्या म्हाताऱ्याला," तो म्हणाला. "सगळ्यांचा लाडका आहे."

ताईची बोटं चालू लागली.