आचाऱ्याचा र

कांताबाईंनी मोबाइल मिठाच्या डब्याला टेकवून उभा केला, पदराने त्याची काच पुसली आणि वांग्यांखालची आच कमी केली.

"आई, नुसती कढई दिसून राहिली," लेक दीक्षा म्हणाली. "जराशी इकडे सरक."

"दिसू दे ना वं. त्यायले समजू दे, कोण बोलून राहिलं ते."

प्रताप नगरातल्या कार्यालयात संध्याकाळी तीनशे पानांची पंगत होती आणि दुपारी तीनला सुनावणी. जगभरच्या वेबसाइटींच्या पत्त्यांत कोणती अक्षरं चालतील, हे ठरवणारी एक समिती म्हणे. कुठल्या देशाची, हे कांताबाईंनी दीक्षाला चारदा विचारलं होतं. कोणत्याच देशाची नाही. मग तिला निवडून कोणी दिलं? त्याचंही धड उत्तर नव्हतं.

शहरातल्या बेचाळीस आचाऱ्यांनी मिळून संघ काढला होता. ठेकेदाराला मध्ये न घेता लोकांनी थेट बोलवावं, म्हणून त्यांनी मराठीत पत्ता मागितला, ‘आचाऱ्यांचीपंगत’. उत्तर आलं, की त्यातला तो आडवा, मिशीसारखा र नव्या मसुद्यात नाही. फार थोडे लोक वापरतात. त्याऐवजी पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार द्या. रफार दिला की झालं, ‘आचार्यांचीपंगत’!

"आचार्य तर आचार्य," कांदा चिरता चिरता बाबाराव म्हणाले. संघात वयाने तेच सगळ्यात मोठे. "फुकटात इज्जत वाढली. लोक पाया पडतील."

"पाया पडतील गा भाऊ, पण लग्नाच्या सैपाकाले बोलावतील का?"

बाबाराव हसले. कांताबाई हसल्या नाहीत. त्यांची आई याच शहरात एका घरी वीस वर्षं भांडी घासायची, सैपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसून. आत पाय टाकायची मुभा नव्हती. तिने घासलेल्या भांड्यांवर घरची बाई पुन्हा पाणी ओतून घ्यायची. त्याच घरच्या नातीच्या लग्नात कांताबाईंनी सहाशे पानांचा सैपाक केला, तेव्हा मांडवात यजमान ओरडले होते, "आचाऱ्यांना विचारल्याशिवाय वाढायला घेऊ नका!" त्या दिवशी कांताबाई पातेल्याआड जाऊन रडल्या होत्या. कोणी विचारलं तर कांदा होताच.

तीन वाजून वीस मिनिटांनी त्यांचा नंबर आला. पडद्यावर एक गोरी अध्यक्षबाई होती. तिचं बोलणं मराठीत सांगणारी दुभाषी बाई फक्त ऐकू येत होती. खाली बोललेलं सगळं आपोआप मराठीत उमटत होतं. कोपऱ्यात तीन मिनिटांचं घड्याळ उलटं धावायला लागलं.

"नमस्कार. मी कांताबाई मेश्राम. आमी नागपूरच्या आचाऱ्यांच्या संघाकडून..."

खाली उमटलं, ‘नागपूरच्या आचार्यांच्या संघाकडून’.

कांताबाई थांबल्या.

"हे चुकलं. आधी हे दुरुस्त करा."

"आई, टाइम चालला आहे," दीक्षा दात आवळून पुटपुटली.

"जाऊ दे. चुकीच्या नावानं मी बोलत नाही."

पलीकडे कुजबुज झाली. मग दुभाषी बाई अगदी गोड आवाजात म्हणाली, "अध्यक्षांना तुमच्या भावनांचा आदर आहे. आचार्य हा सन्मानाचाच शब्द आहे, असं त्यांना सांगण्यात आलं आहे. अडचण इतकीच, की हे अक्षर फार कमी लोकांना लागतं. तेव्हा तुम्ही एखाद्या दुसऱ्या पर्यायाचा विचार करावा, अशी विनंती आहे."

"काय म्हणाल्या बाई? कोणत्या पर्यायाचा?"

"दुसऱ्या..."

खाली उमटलं, ‘दुसर्या’. बाबारावांची सुरी कांद्यात तशीच राहिली.

"बोला ना! तुमाले तरी त्या र च्या बिगर ‘नाही’ म्हणता आलं का? काहून नाही आलं?"

घड्याळात चाळीस सेकंद उरले होते. कांताबाईंनी चुलीमागचा मोठा तवा उचलून उलटा केला. वर्षानुवर्षांच्या जाळाने त्याची पाठ काळीकुट्ट झाली होती. त्यांनी तांदळाच्या ओल्या पिठात बोट बुडवलं आणि तव्याभर एकच अक्षर काढलं, ‘ऱ्या’. मग दोन्ही हातांनी तवा कॅमेऱ्यासमोर धरला. दीक्षा मदतीला पुढे आली, तिला त्यांनी कोपरानेच मागे सारलं.

"आमच्या हातचं पाणी चालत नव्हतं, तिथं मी आचारी झाली. तुमचा आचार्य तुमच्यापाशीच ठेवा."

घड्याळ लाल झालं. आवाज तिकडूनच बंद झाला. कांताबाईंनी तवा खाली ठेवला आणि वांगी परतायला घेतली. तळाला जराशी लागली होती. त्याचा मात्र त्यांना फार राग आला.

पंधरा दिवसांनी सुनावणीचा अहवाल आला. दीक्षाने कॉलेजातून येताना तो छापून आणला आणि आईसमोर ओट्यावर ठेवला.

"निर्णय पुढं ढकलला," ती म्हणाली. "पण हे पाह्य. बोलल्या शब्दाची जशीच्या तशी नोंद ठेवणं त्यायले बंधनकारक आहे. अन् तुझं अक्षर त्यायच्या यंत्रात बसत नव्हतं."

चाळिसाव्या पानावर कांताबाईंचं बोलणं होतं. जिथे जिथे तो र यायला हवा, तिथे तिथे ओळीच्या मधोमध एक इवलंसं चित्र चिकटवलं होतं. काळा तवा, त्यावर पांढरं अक्षर. कांताबाईंनी मोजले, तीन तवे होते. दोन तर त्या दुभाषी बाईच्याच बोलण्यात होते.

"मसुद्यात नाही म्हणत होते ना?"

"मसुद्यात अजूनही नाहीच."

कांताबाईंनी पिठाचा हात पदराला पुसला आणि त्या पानावरून एकदा फिरवला.

"उंबऱ्याच्या आत तर आला," त्या म्हणाल्या. "आता बाहेर काढून दाखवा म्हणा."