फेलिसासाठी ओर्नाथो

“उभा धरू नकोस गं! सपाट धर, सपाट. आतली अंडी एका बाजूला घसरली तर ती म्हणेल, विसीला अजून साधा ओर्नाथो भरता येत नाही.”

बोग्नाने निळ्या चौकड्यांच्या फडक्यात बांधलेलं ते भरलेल्या पावाचं जड बोचकं दोन्ही हातांवर सपाट धरलं. पाठीवर सॅक, खाली रस्त्यावर तिचे भटकंतीतले सोबती दुआर्ते आणि इलारिया ताटकळलेले, माद्रिदची बस सुटायला जेमतेम अर्धा तास, आणि विसीच्या सूचना काही संपेनात, ती दारातून हलेना.

विसी ही स्पेनमधल्या सालामांका शहरातली साठी उलटलेली विधवा. घरातली एक खोली ती दरवर्षी परदेशातून शिकायला आलेल्या एखाद्या मुलीला भाड्याने देई. यंदाची मुलगी बोग्ना, पोलंडमधल्या झामोश्चची, वर्षभरासाठी शिकायला आलेली. शिकायला हे आपलं म्हणायचं. गुरुवार उजाडला की तिच्या पायांना भिंगरी लागे. लिस्बन झालं, पोर्तो झालं, पॅरिस, मिलान, प्राग झालं. स्वस्तातल्या विमानात अंग चोरून बसायचं, आठ जणांच्या खोलीत झोपायचं, दोन दिवसांत एक शहर पायाखाली घालायचं आणि सोमवारी वर्गात डुलक्या काढायच्या. रविवारी दुपारी विसी नेमाने दोन ताटं मांडायची आणि एक उचलून ठेवायची. “रविवारी घरात जेवणारी पोरगी देवाने माझ्याकडे कधी धाडलीच नाही,” एवढंच म्हणायची.

या खेपेचं शहर ब्रसेल्स होतं. ते विसीने मंगळवारी ऐकलं. मग गुरुवारी तिने परातीत पीठ घेतलं.

“ब्रसेल्सला लागून विल्वोर्दे म्हणून गाव आहे. आगगाडीने पंधरा मिनिटं. तिथे माझी बहीण असते, फेलिसा.”

विसीला बहीण आहे हे बोग्नाला सात महिन्यांत पहिल्यांदाच कळलं. फेलिसा विशीत बेल्जियमला कामाला गेली ती तिकडचीच झाली. एकोणीस वर्षांपूर्वी आई वारली. ऑगस्टचा उन्हाळा, आणि स्पेनमध्ये माणूस आज गेला की उद्या मातीत. फेलिसा दीड दिवस बसमध्ये काढून पोचली तेव्हा कबरीवरचं सिमेंट वाळलेलं होतं. “एक दिवस थांबता आलं नाही तुला?” ती म्हणाली. “आई वीस वर्षं थांबली होती की तुझ्यासाठी,” विसी म्हणाली. त्यानंतर दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं.

“मग फोन करा ना सरळ,” बोग्ना म्हणाली होती.

“मी थोरली. फोन तिने करायचा.”

“बरं, पोस्टाने पाठवा.”

“आणि तिचा चेहरा कसा झाला ते मला पोस्टमन सांगणार? तू बघून ये. चिठ्ठीबिठ्ठी काही नको. हा बघितला की तिला कळेल.”

मसालेदार सॉसेज, डुकराच्या मांसाचे काप आणि उकडलेली अंडी भरून विसीने वर कणकेच्या पट्ट्यांची जाळी घातली, आणि मधोमध कणकेचंच एफ अक्षर. पाण्याचा सोमवार जवळ आला होता. ईस्टरनंतरच्या दुसऱ्या सोमवारी अख्खं सालामांका नदीकाठी बसून ओर्नाथो खातं. “लहानपणी आई प्रत्येकीच्या नावाचं अक्षर घालायची. नाहीतर मारामाऱ्या. आणि आमची फेलिसा आधी आतलं अंडं काढून खायची, बाकीचं मग.” हे सांगताना विसी हसली. बोग्नाने तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

अन्न पोचवणं म्हणजे काय हे खरं तर बोग्नाला कुणी शिकवायला नको होतं. सप्टेंबरात ती आली तेव्हा तिची अर्धी बॅग आईने भरून दिलेल्या बरण्यांची होती, आंबवलेला कोबी, काकड्या, मशरूम. त्या फुटू नयेत म्हणून तिने आपले सगळे स्वेटर बरण्यांना गुंडाळले होते आणि स्वतः कुडकुडत आली होती.

शनिवार जवळच्या गेंट शहरात गेला. कालव्याकाठी फोटो, बिअर, पुन्हा फोटो. रविवारी अकराला जाग आली. विल्वोर्देच्या गाडीसाठी बोग्ना स्टेशनावर गेलीही, बोचकं सपाट धरून. एक गाडी नुकतीच सुटली होती, पुढची तासाने.

“अगं, चारचं विमान आहे,” इलारिया म्हणाली. “विमानतळ जगाच्या टोकाला. तू तिकडे गेलीस, म्हातारीने बसवून घेतलं, कॉफी, मग अल्बम, मग रडारड... चुकलंच समज.”

“पंधरा मिनिटांचा तर रस्ता आहे गं.”

“आपल्याला जुना बाजार बघायचाय की नाही? दुआर्ते, सांग हिला.”

“मी काय सांगू?” दुआर्ते म्हणाला. “मला नुसती भूक लागलीय.”

बोग्नाला एकटीला जाता आलं असतं. पण एकटीने एका अनोळखी बाईच्या दारात उभं राहायचं, एकोणीस वर्षांचा अबोला ओंजळीत घेऊन, याचा तिला मनातून कंटाळा आला होता. खरं कारण तेवढंच. बाकीची सगळी तिने नंतर गोळा केली.

जुना बाजार बघून झाला. विमानतळावर पोचली तर धुकं, आणि विमान पाच तास उशिरा. खिडकीपाशी जमिनीवर बसून तिघं एकमेकांची तोंडं बघत होती. फडक्यातून वास येत होता.

“उद्यापर्यंत तो खराबच होणार,” दुआर्ते म्हणाला.

ओर्नाथो चार दिवस सहज टिकतो हे विसीने तिला दोनदा बजावलं होतं. तरी गाठ बोग्नानेच सोडली. सुरी नव्हती म्हणून हातानेच तोडला, आणि एफचा तुकडा तिच्या वाट्याला आला. वाईट असता तर एक वेळ बरं झालं असतं. तो इतका चांगला झाला होता की तिघांनी बोटं चाटली.

परतीच्या बसमध्ये तिने मनाशी वाक्य जुळवलं होतं. वेळच मिळाला नाही, माफ करा, वाटेत खाऊन टाकला. सोमवारी सकाळी ती घरी पोचली तेव्हा विसी चांगला झगा घालून, केस बसवून, नदीवर न्यायची टोपली भरून तयार होती. वाटभर ती टोपली घेऊन पुढेच चालत होती. तोर्मेसच्या काठावर गवतात चादर पसरली, आपला ओर्नाथो कापला, बोग्नाच्या हातात तुकडा दिला आणि मग नदीकडे बघत विचारलं,

“दार तिने स्वतःच उघडलं का गं?”

असा प्रश्न येईल हे बोग्नाच्या ध्यानीमनी नव्हतं. “हो,” ती म्हणाली.

मग एका हो-मागून दुसरा हो.

“थकलीय का?”

“थोडीशी. पण तब्येत ठीक आहे.”

“आणि हा बघून?”

“फडकं बाजूला सारलं. मग अक्षरावरून हात फिरवला.”

“खाल्ला तुझ्यासमोर?”

“आधी अंडं काढून खाल्लं.”

विसीने तोंडावर हात ठेवला. आसपास गिटारी वाजत होत्या, पोरंटोरं पाण्यात दगड मारत होती. “मिठाचं काही म्हणाली? आमची आई जरा जास्त घालायची. मी कमी घालते.”

“मीठ अगदी बेताचं आहे म्हणाल्या.”

“म्हणाली असं?” विसी म्हणाली. “मग आता करेल फोन.”

त्या दिवसापासून घरात झाडूसुद्धा हळू फिरू लागला, घंटा ऐकू यावी म्हणून. भाजीला जायचं तर बोग्ना घरी असेल तेव्हाच. “अजून एखादा आठवडा जाऊ दे. तीही माझीच बहीण, एकदम कशी नमेल?” पहिले पंधरा दिवस ती हे हसत बोलायची. पुढच्या आठवड्यात हसू गेलं. एके दिवशी बटाटे सोलता सोलता ती म्हणाली, “खाल्लंन, तोंड पुसलं आणि मोकळी झाली. दगड आहे नुसता. मीच मेली वेडी, नाक घासत गेले.”

जिच्या तोंडाला घास लागला नाही, तिच्या नावाने शिव्या. तेव्हाच बोलायला हवं होतं. ती म्हणाली, “बटाटे मी सोलू का?”

ती भटकायची, पण आता शहरांना चव राहिली नव्हती. नीसला समुद्रासमोर बसून ती विल्वोर्देच्या गाड्यांचं वेळापत्रक आठवत राहिली. शेवटी जूनच्या सुरुवातीला तिने ब्रसेल्सचं तिकीट काढलं, एकटीचं. जायचं, फेलिसाच्या पायाशी बसायचं, सगळं सांगायचं, तिथूनच विसीला फोन लावून द्यायचा. निघायच्या सकाळी नाश्त्याला विसीलाही सांगायचं असं ठरवून ती स्वयंपाकघरात आली, खुर्ची ओढली, “विसी, मला एक बोलायचंय,” म्हणाली, आणि फोन वाजला.

विसी ओल्या हातांनी धावली. “फेलिसा?” तिने विचारलं. नंतर तिने नुसतं ऐकलं. बराच वेळ ऐकलं. शेवटी “बरं, बाळा” म्हणाली आणि फोन ठेवून भिंतीला हात टेकत आत आली.

“तिचा मुलगा. तिला जाऊन दहा दिवस झाले म्हणे. माझा नंबर आता वहीत सापडला त्याला.” ती खुर्चीत बसली. “तिकडे माणसाला आठवडाभर ठेवतात म्हणे गं, लांबची माणसं यावीत म्हणून. तरी मला पोचता आलं नाही. बरोबर फेड झाली.”

बोग्ना तिच्याजवळ खाली बसली. विसीने तिच्याकडे पाहिलं. फार बारकाईने पाहिलं. मग म्हणाली, “सांग बघू परत. दार उघडलं, आणि मग?”

आणि बोग्नाने सांगितलं. ब्रसेल्सचं विमान तिच्याविना गेलं. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी ती घरी जेवली. जेवण झालं की विसी टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत म्हणायची, “सांग.” दर खेपेला त्यात काही भर पडे. फेलिसाच्या खिडकीत फुलांच्या कुंड्या आल्या, अंगात लोकरीचं जाकीट आलं. सांगताना बोग्नाला स्वतःची इतकी किळस येई की जेवण अंगी लागत नसे.

जूनअखेरीला ती निघाली. बसस्थानकावर विसी तेच निळ्या चौकड्यांचं फडकं घेऊन आली. या वेळी ते बोचकं कोमट होतं.

“हा तुझ्या आईला. वर तिचं अक्षर घातलंय. ग्राझिना ना? जी.”

“विसी, कशाला एवढं...”

“हा मात्र वाटेत खाऊ नकोस.”

विसी बसच्या चाकाकडे बघत होती.

“फेलिसाच्या मुलाने सांगितलं ना फोनवर. नाताळपासून ती दवाखान्यातच होती. दार उघडायला घरात होतं कोण?”

“म्हणजे तेव्हापासून तुम्हाला... मग दर रविवारी मला का...”

“ऐकायला बरं वाटायचं.” विसीने फडक्याची गाठ विनाकारण सोडून पुन्हा बांधली. “खाल्लात त्याचं काही नाही गं. भूक लागते या वयात. पण तू गेली असतीस तर शेजारच्या कुणी सांगितलं असतं, ती कुठे आहे ते. माझ्याकडे सव्वा महिना होता, पोरी. मी चालत गेले असते. तेवढं मला सोसत नाही बघ.”

“मला माफ...”

“जा आता, ड्रायव्हर खोळंबलाय. सपाट धर.”

माद्रिद, वॉर्सा, तिथून पुन्हा बस. बोचकं तिने वरच्या फळीवर ठेवलं नाही, मांडीवरून खाली ठेवलं नाही. झामोश्चच्या घरात आईने तिला कुरवाळलं, किती वाळलीस म्हणाली, तर ही बॅगसुद्धा न उघडता म्हणाली, “आई, आधी हे खा. आत्ता. माझ्यासमोर.”

“अगं, हात तरी धुऊ दे!”

आईने अक्षराचं कौतुक केलं, एक मोठा तुकडा कापला, चावून चावून खाल्ला. बोग्ना तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने फोन लावला. सालामांकात तो पहिल्याच घंटेला उचलला गेला. तिने तो आईच्या हातात दिला. आईने पोलिश भाषेत भरभरून आभार मानले. पलीकडून स्पॅनिशमध्ये काहीबाही उत्तर आलं. आई हसली आणि फोन परत देत म्हणाली, “बाई गोड आहे. काहीतरी विचारतेय, मला कुठलं कळायला?”

“विसी, मी आहे.”

“मिठाचं काय म्हणाली ते विचारत होते.”

बोग्नाने आईला विचारलं. आईने ओशाळून मान हलवली, बोटांची चिमूट करून दाखवली, आणि तसं सांगू नकोस म्हणून खुणावलं.

“जरा जास्त झालंय म्हणते,” बोग्ना म्हणाली.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“हो,” विसी म्हणाली. “या वेळी आईसारखं घातलं होतं.”