चांगलाच डोळा झाकणारी

मी एक जुनी कापडी पट्टी आहे. चष्म्याच्या काचेवर चढून डोळा झाकणं हे माझं काम, आणि तोही चांगला डोळा. मित्रांनो, दचकू नका. यात काही चुकलेलं नाही आणि मी कुणाची माफीही मागणार नाही. लोकांनी मला पाहून नाकं मुरडली, मला शिव्या दिल्या, एकदा तर थेट गटारात फेकलं. तरी मी आपलं काम सोडलं नाही.

माझा जन्म नागपूरजवळच्या वाडीत, एका भाड्याच्या खोलीत झाला. घरात माणसं तीनच. बाप रविंद्र एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामात पहाटेपासून माल उतरवून घेतो आणि दुपारी घरी येतो. त्याची बायको दीप्ती दुपारनंतर धरमपेठेत साड्यांच्या दुकानात जाते. त्यांची लेक नूपुर पहिलीत शिकते. तिचा डावा डोळा लहानपणापासून नाकाकडे झुकलेला. शेजारच्या यमुताई तिच्या गालावरून हात फिरवून म्हणायच्या, "राहू दे वं दीप्ती, तिरळी पोरगी मोठी नशीबवान असते." झालं, सगळे निश्चिंत! त्या नशिबाच्या भरवशावर डोळा बिचारा मागे पडत गेला.

शाळेत डोळे तपासायला माणसं आली, तेव्हा बिंग फुटलं. उजवा डोळा झाकला तर नूपुरला समोरच्या हाताची बोटंही धड मोजता येईनात. मग डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं आणि सांगितलं, "हा आळशी डोळा आहे. सगळं काम उजवा डोळा करतो, म्हणून मेंदूने डाव्याचं ऐकणंच सोडून दिलंय. चष्मा रोज लावायचा आणि रोज काही तास उजवा डोळा झाकायचा. डाव्याला काम करावंच लागेल. मूल लहान आहे तोवर हे जमतं. वय वाढलं की कठीण होत जातं, आणि मग तो डोळा आयुष्यभर तसाच राहू शकतो."

आधी चिकटपट्टी आणली होती. नागपूरच्या उन्हात तिने पोरीच्या गालावर पुरळ उठवलं. तेव्हा डॉक्टरांना विचारून दीप्तीने ब्लाउजच्या उरलेल्या कापडातून मला शिवलं. आत काळं अस्तर, बाजूला डोकावायला जागा राहू नये म्हणून रुंद झालर, आणि वर एक पिवळं फूल. मी दिसायला देखणी होते, उगाच नम्रपणा कशाला!

पहिल्याच दुपारी मी उजव्या काचेवर चढले आणि नूपुर दारावर आपटली. ताटातली भाजी कुठे आणि वरण कुठे, तिला कळेना. ती हमसून हमसून रडली. दीप्ती कामावर गेलेली, आणि घरी होता तो मऊ काळजाचा बाप.

"चांगला डोळा काहून झाकता गा हे लोक?" रविंद्र स्वतःशीच बोलला. "दुखऱ्या पायाले आराम देतात का चांगल्या पायाले?" त्याने मला काढलं, उलटं केलं आणि डाव्या काचेवर चढवलं. माझं फूल आत गेलं, शिवण बाहेर आली. नूपुरला लगेच सगळं दिसायला लागलं. ती हसली आणि रविंद्रला वाटलं, आपण फार मोठं शहाणपण केलं.

मग रोज हेच. दीप्ती दार ओढून गेली की माझी बाजू बदलायची. ती परत येईपर्यंत माझे तास संपलेले असायचे. मित्रांनो, माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ज्या डोळ्याला कामाला लावायला मी जन्मले, त्यालाच मी अंधारात कोंडत होते! मला तोंड असतं तर त्या प्रेमळ माणसाला चांगलं खडसावलं असतं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. डाव्या डोळ्यात काडीचाही फरक नव्हता.

"मॅडम, एक दिवस चुकवला नाही आम्ही," दीप्ती काकुळतीने म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मला नूपुरच्या हातात दिलं. "बेटा, घरी लावतेस तशी लावून दाखव."

नूपुरने शहाण्या मुलीसारखं मला उलटं केलं आणि डाव्या काचेवर चढवलं.

दीप्तीने नवऱ्याकडे पाहिलं. रविंद्रचा चेहरा उतरला. "मले वाटलं, बिघडलेल्या डोळ्याले आराम पाहिजे," तो म्हणाला. "पोरगी रडे, मले पाहावत नव्हतं."

"आरामानेच तो बिघडलाय, भाऊ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गेलेला वेळ आता परत येणार नाही. उरलेला तरी घालवू नका."

त्या दिवसापासून माझी खरी लढाई सुरू झाली. गल्लीतली पोरं "काणी, काणी" म्हणून चिडवायची. नूपुरने मला गटारात फेकलं ते याच दिवसांत. रविंद्रने मला काढलं, साबणाने घासून धुतलं, वाळवलं आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा उजव्या काचेवर चढवलं. नूपुर रडली. त्याचेही डोळे भरले, पण या वेळी त्याने माझी बाजू बदलली नाही. स्वतःच्या एका डोळ्यावर रुमाल बांधून तो तिच्यासमोर बसला. दोघं मिळून तांदळातले खडे निवडू लागले. बापाच्याच हातून खडे सुटायचे आणि लेक ते वेचून त्याला दाखवायची. डॉक्टरीणबाईंच्या तक्त्यावर डावा डोळा एकेक ओळ खाली उतरू लागला.

अशात विक्कीचं, म्हणजे रविंद्रच्या धाकट्या भावाचं लग्न आलं. मंचावर सगळं घर फोटोला उभं राहिलं. मी चष्म्यावर होते, कारण तास माझे होते. नूपुरची आजी कांताबाई पुढे आली.

"फोटोपुरती काढ ना वं ते चिंधी. लोकं काय म्हणतील?"

चिंधी! मित्रांनो, आजही तो शब्द मला झोंबतो.

फोटोवाला थांबला. मंचाखाली पाहुणे हसू लागले. सवयीने रविंद्रचा हात पुढे आला. नूपुरने तो हात बाजूला सारला.

"नाही काढत मी," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "माझा डोळा शिकून राहिला."

रविंद्रने हात मागे घेतला. "काढ गा फोटो, असाच काढ," तो फोटोवाल्यावर ओरडला. नूपुरने मान ताठ केली आणि फोटोत मी आले, अगदी मधोमध, माझ्या पिवळ्या फुलासकट.

आज नूपुरच्या डाव्या डोळ्याला जवळजवळ उजव्याइतकं दिसतं. डोळा थोडा झुकतो अजून, त्याचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. माझा रंग उडालाय, झालर विरलीय. मला त्याचं दुःख आहे आणि मी ते लपवत नाही. पण मी हरले नाही.

म्हणून मित्रांनो, घरच्या मोठ्यांना सांगा, लहानग्यांचे डोळे वेळेवर तपासून घ्या आणि तिरळेपणाला नशीब म्हणून कुरवाळत बसू नका. डॉक्टरांनी जो डोळा झाकायला सांगितला, तोच झाका. आणि माझी एखादी बहीण कुणाच्या चष्म्यावर दिसली, तर हळहळू नका, हसू तर मुळीच नका. बाजूला सरा आणि त्या मुलाला वाट द्या. त्याचा डोळा कामावर निघालाय.