भीतीची चिठ्ठी

बालवर्गात दोरी बांधून झाली होती आणि आता तिच्यावर मुलांची मनं वाळत घालायची होती. शनिवारी पालक येणार, पाहुणे येणार. विषय ठरला होता, 'मला कशाची भीती वाटते'. मुलांच्या भावनांना वाट करून द्यायची, ही मोठ्या बाईंची कल्पना. त्या या विषयावर ठिकठिकाणी भाषणं देत, आणि शाळेत त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे.

नव्या बाई एकेका मुलाला शेजारी बसवून त्याचं म्हणणं जसंच्या तसं चिठ्ठीवर उतरवत होत्या. कुणाला झुरळाची भीती, कुणाला इंजेक्शनची, एकाला आजोबांच्या घोरण्याची. मग पाच वर्षांची चिमी आली. ती शाळेतल्या मावशींची मुलगी. मावशी वर्ग झाडायच्या, मुलांची नाकं पुसायच्या, डबे उघडून द्यायच्या. म्हणून चिमीला शाळेत फुकट जागा मिळाली होती.

"तुला गं कशाची भीती वाटते?"

चिमीनं आधी दाराकडे पाहिलं. "सामानाच्या खोलीची. आई बाहेरनं कडी लावते ना, तेव्हा."

"आई लावते? का?"

"मोठ्या बाई सांगतात म्हणून. मग मी आईला हाका मारते. ती तिथंच असते. मला फटीतून तिचे पाय दिसतात."

नव्या बाईंनी तेही लिहिलं. नोकरीला लागून त्यांना जेमतेम दोन महिने झाले होते. हट्टी मुलांना त्या खोलीत 'शांत व्हायला' पाठवतात, एवढं त्यांच्या कानावर आलं होतं आणि त्यांनीही पुढे चौकशी केली नव्हती.

मोठ्या बाईंनी चिठ्ठी वाचली आणि चष्मा काढला. "हे पालकांपुढे टांगणार? मुलं काय, मनाला येईल ते बोलतात. वाघ लिहा." मग मावशींना बोलावणं गेलं. "तुमच्या लेकीला आम्ही सांभाळून घेतलंय, विसरू नका. पाहुणे विचारतील. तयारी करून घ्या तिची."

नव्या बाई दोनदा बोलायला गेल्या. शेवटी त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं, 'मला वाघाची भीती वाटते.' त्यांना मी माफ करू शकत नाही.

संध्याकाळी भांडी घासता घासता मावशी लेकीला पढवू लागल्या.

"कशाची भीती वाटते?"

"खोलीची."

"वाघाची म्हण."

"पण आई, मी वाघ बघितलाच नाहीये."

"चिमे, तोंड चालवू नकोस! वाघ म्हण म्हटलं ना?" आणि ओल्या हातांनीच त्यांनी तिला जवळ ओढलं. "दुसरी शाळा कोण देणार आहे आपल्याला, बाळा?"

शनिवारी सगळं छान पार पडलं. पाहुण्यांनी वाकून विचारलं आणि चिमी खणखणीत आवाजात म्हणाली, "वाघाची!" वर पंजेही काढून दाखवले, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. पालक पोट धरून हसले. मावशींनीही टाळ्या वाजवल्या.

"किती मोकळेपणानं बोलतात हो तुमची मुलं," पाहुणे म्हणाले.

सोमवारी चिमीच्या हातून रंगाची वाटी सांडली. मोठ्या बाईंनी मावशींकडे नुसतं पाहिलं. मावशी जागच्या हलेनात. "राहू द्या ना, लहान आहे," असं नव्या बाई म्हणाल्या खऱ्या, पण ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. चिमी मात्र आपण होऊन उठली, खोलीत गेली, चटईवर मांडी घालून बसली आणि मोठ्या माणसानं समजूत घालावी तशी म्हणाली, "आई, लाव तू कडी. मी नाही हाका मारणार."

"बघितलंत? वळण लागतं मुलांना," मोठ्या बाई समाधानानं म्हणाल्या.

मावशींनी कडी लावली आणि दाराला पाठ टेकून खाली बसल्या. अर्धा तास आतून हूं की चूं आलं नाही.

शनिवारी पोट धरून हसणाऱ्यांत मीही होतो; बाकीचं मला नंतर नव्या बाईंकडून आणि मावशींकडून कळलं. माझा मुलगा त्याच वर्गात आहे. त्याला त्या खोलीबद्दल विचारणं माझ्या अजून जिवावर येतंय. तुम्ही तरी तुमच्या मुलांना आज विचारा, आणि ती सांगतील ते खोडू नका.